शिक्षा गुन्ह्याची कीं गरिबीची?

"कायद्यापुढें सर्व सारखे" हें वाक्य शाळेंतल्या पोरापासून हायकोर्टाच्या न्यायमूर्तींपर्यंत सर्वांच्या तोंडीं आहे. न्यायदेवतेच्या हातीं तराजू आणि डोळ्यांवर पट्टी. ही पट्टी कां? तर समोरचा मनुष्य राजा कीं रंक, हें तिला दिसूं नये म्हणून. दिल्लीच्या सुप्रीम कोर्टांत या देवीची नवी मूर्ति बसविली. तिच्या डोळ्यांवरची पट्टी काढली आणि तरवारीच्या जागीं हातीं राज्यघटना दिली. फार चांगली गोष्ट झाली! कारण आमच्या कुणब्याकारागिरांचा अनुभव आजवर असा होता कीं, आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें. आतां देवीला दिसूं लागलें आहे, तर तिनें आपल्या जात्याखालचें पीठ कोण नेतो, एवढें एकदां डोळे उघडून पाहावें, अशी आमची विनंति आहे.

आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगतों. आज कायद्याच्या पुस्तकांत ब्राह्मणास एक शिक्षा आणि महारास दुसरी, श्रीमंतास एक आणि भिकाऱ्यास दुसरी, असें शिक्षेच्या कलमांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. परंतु शिक्षा केवळ निकालाच्या कागदावर होते असें समजणारा मनुष्य भोळा आहे. गरिबाची शिक्षा निकालाच्या आधींच तीन ठिकाणीं ठरते. गुन्हा कशाला म्हणावें हें ठरवितात तेथें. जामीन किती घ्यावा हें ठरवितात तेथें. आणि तुरुंगांत झाडू कोणाच्या हातीं द्यावा हें ठरवितात तेथें. या तीन ठिकाणीं माणूस पाहून माप बदलतें.

माणूस पाहून माप बदलण्याची ही विद्या आमच्या देशांत जुनी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत शिवीगाळीचें दरपत्रकच दिलें आहे. ब्राह्मणास शिवी दिली तर क्षत्रियास शंभर पण दंड, वैश्यास दीडशें किंवा दोनशें, आणि शूद्राच्या मात्र अंगावर शिक्षा. उलट ब्राह्मणानें शिवी दिली तर क्षत्रियाबद्दल पन्नास पण, वैश्याबद्दल पंचवीस आणि शूद्राबद्दल अवघे बारा! शास्त्रीबोवा यावर म्हणतात, "अहो, चोरीच्या बाबतींत मनूनें शूद्राचा दोष आठपट आणि ब्राह्मणाचा चौसष्टपट सांगितला आहे, तें कां वाचीत नाहीं?" तेंहि आम्हीं वाचलें आहे. आणि त्याच अध्यायांत पुढें ब्राह्मणानें कोणतेंहि पाप केलें तरी त्यास ठार मारूं नये, त्याच्या सर्व धनासह त्यास देशाबाहेर घालवावें, असें सांगितलें आहे, तेंहि वाचलें आहे. सर्व धनासह! म्हणजे चौसष्टपट दोष पोथींत आणि धनाची पेटी बैलगाडींत!

ही पोथी २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहांत जाळली गेली. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या १४ व्या कलमानें कायद्यापुढें सर्वांस समान केलें. तो जुना तराजू मोडला. पण तराजू मोडला तरी जुनीं वजनें दुकानांतच राहिलीं आहेत, आणि दुकानदार संधि मिळेल तेव्हां तींच काढतो.

पहिलें ठिकाण : गुन्हा कशाला म्हणावें?

इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जातींचा कायदा केला. चोरी केली म्हणून चोर, हा साऱ्या जगाचा न्याय. या कायद्याचा न्याय असा कीं, अमक्या जातींत जन्मला म्हणून चोर. सरकारनें एकादी जात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, कीं त्या जाहिरनाम्याविरुद्ध कोर्टांत तक्रार करण्याचीहि सोय नव्हती! हा कायदा आरंभीं उत्तरेकडे लागू होता. १९११ च्या नव्या कायद्यानें तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत लागू करण्याची वाट मोकळी झाली. सोलापुरास तारेच्या कुंपणांत वसाहत झाली. गिरणींत राबायचें, हजेरी द्यायची आणि परवान्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचें नाहीं, असें जिणें आमच्या भावांच्या कित्येक पिढ्यांनीं काढलें. स्वराज्य १९४७ सालीं आलें. परंतु या लोकांचें कुंपण ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं कायदा रद्द झाला तेव्हां निघालें. तेव्हांपासून त्यांस विमुक्त म्हणतात. त्यानंतर सात वर्षांनीं मुंबई राज्यानें सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जातीचें नांव गेलें, वहीचें पान तेंच राहिलें.

त्याच १९५९ सालीं मुंबई सरकारनें दुसरा एक कायदा केला, भीक मागण्यास बंदी करणारा. भीक म्हणजे काय, याची व्याख्या वाचकांनीं ऐकण्यासारखी आहे. सार्वजनिक जागीं गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा एकादी वस्तु विकण्याच्या मिषानें भिक्षा मागणें अगर घेणें, ही भीक. उपजीविकेचें साधन दिसत नाहीं आणि मनुष्य अशा रीतीनें भटकतो कीं तो भिकेवर जगत असावा असें वाटतें, तर तीहि भीक! आतां विचार करा. पहांटे दारीं येणारा वासुदेव, बैल नाचविणारा नंदीवाला, दोरीवर पोर चढविणारा डोंबारी, सोंग आणणारा बहुरूपी, पोतराज, जोशी, हे सर्व या व्याख्येंत बसतात कीं नाहीं? ज्यांच्या कलेवर आमचीं खेडीं शेंकडों वर्षें करमणूक करून घेत आलीं, सुगीला ज्यांचें सूप पसाभर धान्यानें भरणें हा आमच्या बायाबापड्यांना धर्म वाटला, ते सारे कायद्यानें आरोपी! आणि शिक्षा? पोलिसानें वॉरंटावांचून धरावें, आणि कोर्टानें एक वर्षाहून कमी नाहीं व तीन वर्षांहून जास्त नाहीं इतका काळ भिक्षेकरी गृहांत कोंडावें. न्यायाधीशाच्या मनांत आलें तर समज देऊन सोडण्याची मोकळीक आहे. परंतु पुनःपुनः सांपडला तर दहा वर्षें! दिल्लीस हा मुंबईचा कायदा लागू केला होता. तेथल्या हायकोर्टानें ८ ऑगस्ट २०१८ रोजीं त्यांतील भीक मागणें हा गुन्हा ठरविणारीं कलमें घटनाबाह्य ठरविलीं. मनुष्यास उपाशी ठेवणें हा सरकारचा दोष, आणि उपाशी मनुष्यानें हात पसरला तर तो गुन्हेगार, हा न्याय त्या कोर्टाला पटला नाहीं. पण ज्या मुंबईंत हा कायदा जन्मला, तेथें तो महाराष्ट्राच्या नांवानें अजून पुस्तकांत बसला आहे.

आतां तराजूचें दुसरें पारडें पाहूं. २०२३ सालीं पार्लमेंटानें 'जनविश्वास' नांवाचा कायदा केला. त्यानें ४२ कायद्यांतील १८३ तरतुदींमधली गुन्हेगारी कमी केली. कोठें कैद काढली, कोठें फौजदारी दंडाऐवजीं अधिकाऱ्यानें ठरवावयाचा दंड आणला. धंदा करणें सोपें व्हावें, हा एक मोठा हेतु सांगितला गेला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांत आला. पूर्वी तो मोडणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अगर दोन्ही होऊं शकत होतीं. आतां दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड. कैद फक्त दंड न भरणाऱ्यास. ज्या शेतकऱ्याच्या विहिरींत कारखान्याचें सांडपाणी उतरतें, ज्याचीं जनावरें ओढ्याचें पाणी पिऊन मरतात, त्यानें या दोन पारड्यांकडे पाहावें. हवेंत आणि जमिनींत विष सोडणाऱ्याचा हिशेब पैशांत आणि चौकांत गाणाऱ्याचा हिशेब वर्षांत!

कारखानदारास फांशीं द्या, असें आम्ही म्हणत नाहीं. क्षुल्लक चुकीसाठीं कोणासहि तुरुंग नको, हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. पण धंदा सोपा करण्याची कळकळ फक्त पेढीवाल्याच्याच धंद्याविषयीं कां? डोंबाऱ्याचा खेळ हा धंदा नव्हे काय? जनविश्वास म्हणजे जनांवरील विश्वास. मग आमची गणना जनांत नाहीं काय?

दुसरें ठिकाण : जामीन

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपले वाडवडील सांगत आले. पण ज्याला पोलीस पायरीवर नेऊन उभा करितात, त्यानें काय करावें? तेथें पहिला प्रश्न "तूं गुन्हा केलास काय?" हा नसतो. पहिला प्रश्न "जामीनदार कोण?" हा असतो. जामीनदाराचा सातबारा आणा, ऐपतीचा दाखला आणा, घरपट्टीची पावती आणा. ज्याच्या नांवावर गुंठाभर जमीन नाहीं, ज्याचें पाल ज्या माळावर ठोकलें तोच त्याचा गांव, त्यानें ऐपतीचा दाखला कोठून आणावा? मग कोर्टाच्या आवारांतला भाडोत्री जामीनदार पाहावा, त्यासाठीं बायकोच्या अंगावरचा मणि मोडावा. नाहींतर कोठडींत बसावें. न्यायाधीशानें जामीन मंजूर केलेला असतो, हें ध्यानांत ठेवा! म्हणजे कोर्ट म्हणतें हा मनुष्य सुटला तरी हरकत नाहीं. आणि तरीहि तो सुटत नाहीं. त्याला कोर्टानें धरून ठेवलें नाहीं, त्याच्या रिकाम्या खिशानें धरून ठेवलें.

१९७८ सालीं मध्य प्रदेशांतल्या एका गवंड्याची हकीकत सुप्रीम कोर्टापुढें आली. त्यास जामिनावर सोडण्याचा हुकूम त्याच कोर्टानें पूर्वीं केला होता. खालच्या मॅजिस्ट्रेटानें दहा हजारांचा जामीन मागितला. गवंड्याचा भाऊ जामीन राहण्यास पुढें आला, तर त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून तो नापसंत! न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्या गवंड्यास त्याच्या स्वतःच्या एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडविलें, आणि गरिबाकडे त्याच्या ऐपतीबाहेरचा जामीन मागणें चुकीचें आहे हें बजावलें. पुढच्याच वर्षीं बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचें प्रकरण बाहेर आलें. गुन्हा शाबीत झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ कांहीं माणसें खटल्यावांचून आंत बसलीं होतीं!

या गोष्टीला पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. सुधारणा किती झाली? सरकारचाच आंकडा पाहा. ३१ डिसेंबर २०२२ रोजीं देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. जागा ४,३६,२६६ माणसांची. त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरांत सुमारें शहात्तर माणसांवर गुन्हा अजून शाबीत झालेलाच नव्हता. या कच्च्या कैद्यांत सुमारें दोन-तृतीयांश अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय. शेटजी-भटजींचीं मुलें गुन्हे करीत नाहींत, असा याचा अर्थ कोणी लावील तर लावो. आम्ही तो असा लावतों कीं त्यांचा जामीन संध्याकाळच्या आंत होतो.

आणि आंत बसलेल्याच्या घरीं काय होतें, याची नोंद कोणत्या आंकड्यांत आहे? मृगाचा पाऊस पडला आणि कुणबी कोठडींत असेल तर वाफसा त्याच्यासाठीं थांबत नाहीं. पेरणी हुकली कीं वर्ष हुकलें. बैल विकले जातात, कारण वैरण घालणारा हात नाहीं. लोहाराचा भाता थंड पडतो, गिऱ्हाईक दुसऱ्या नेहावर जातें. चांभाराची आरी गंजते. पोर शाळा सोडून हॉटेलांत कपबशा विसळूं लागतें. सावकाराचें व्याज मात्र कोणत्याहि कैदेंत अडकत नाहीं! दोन वर्षांनीं निकाल लागतो : "आरोपी निर्दोष, सोडून द्यावें." सोडून द्यावें कोठें? ज्या घरीं जायचें तें घरच राहिलें नाहीं. ही शिक्षा कोणत्या कलमाखालीं झाली, हें आम्हांस एकाद्या कायदेपंडितानें सांगावें.

तिसरें ठिकाण : तुरुंगांतला झाडू

तुरुंगांत गेल्यावर तरी सर्व सारखे होत असतील, असें वाटतें. तेथें सर्वांना एकच कपडा आणि एकच भाकर. पण कित्येक राज्यांच्या तुरुंग-नियमांत इंग्रजांच्या वेळेपासून स्वयंपाकास वरच्या जातीचा कैदी आणि झाडण्यास झाडूवाल्या जातीचा कैदी, असे भेद लिहिलेले होते. बंगालच्या नियमांत झाडूवाले कोणत्या जातींतून घ्यावे त्या जातींचीं नांवें होतीं. उत्तर प्रदेशांत, साध्या कैदेच्या कैद्यास हलकें काम सांगूं नये, मात्र तो तसलें काम करण्याची संवय असलेल्या जातीचा असेल तर गोष्ट वेगळी, अशा अर्थाचा नियम होता. काय ही संवय! वेठ लादायची आणि पुढें तिलाच संवय म्हणायचें! पत्रकार सुकन्या शांता यांनीं या नियमांविरुद्ध सुप्रीम कोर्टांत अर्ज केला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं कोर्टानें ते घटनाबाह्य ठरविले, कैद्यांच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढण्यास सांगितलें आणि विमुक्त जातींना जन्मतः सराईत समजण्याची रीत मोडण्याचा हुकूम केला. या निकालाबद्दल आम्ही कोर्टाचें अभिनंदन करितों. पण स्वराज्याचीं सत्याहत्तर वर्षें हे नियम कोणाच्याहि डोळ्यांत खुपले नाहींत, ही गोष्ट विसरत नाहीं.

आपल्या घरांतला मनु

येथवर वाचून आमचा कुणबी बंधु मान डोलावील आणि म्हणेल, "बरें झोडपलें सरकारला!" थांब बाबा, तुझ्याहि पदरीं थोडें आहे. गांवांत शेळी चोरीस गेली तर तूं पहिल्यानें कोणाचें नांव घेतोस? माळावरच्या पारध्याचें. चोर पाहिला कोणी? नाहीं. पण पाल तेथेंच आहे, म्हणून रात्रीं काठ्या घेऊन जायचें, बायापोरांना मारायचें आणि सकाळीं फौजदाराच्या हवालीं करायचें. चोर सोडून संन्याशाला फांशी, ती हीच! १८७१ चा कायदा सरकारनें १९५२ सालीं रद्द केला, तुझ्या मनांतला तूं कधीं रद्द करणार? कोल्हापुरास शाहू महाराजांनीं महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी १९१८ सालीं बंद केली. दिल्लीच्या सरकारला जें सुचायला आणखी चौतीस वर्षें लागलीं, तें एका राजानें आपल्या दरबारीं केलें. त्यांच्या नांवाचा जयजयकार करणाऱ्यानें माळावरच्या पालाकडे काठी घेऊन जाऊं नये.

कायदा वांकतो, पण वांकविणारा पाहिजे

कोणी म्हणेल, हें सारें नशिबाचें आहे. मुळींच नाहीं. कायदा आकाशांतून पडत नाहीं. तो माणसें लिहितात आणि माणसेंच खोडतात. १८७५ सालीं पुणें-नगर भागांतल्या कुणब्यांनीं सुप्यापासून सावकारांच्या दस्तऐवजांची होळी केली. दंगा वाईट, पण त्यामागचें दुःख खरें होतें, हें सरकारलाहि कबूल करावें लागलें. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास कैदेंत टाकणें बंद झालें. तुरुंगाचें दार एकदां बंद करतां आलें, तर पुनः करतां येईल.

तोंवर हातीं जें आहे तें तरी वापरा. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या ४७८ व्या कलमाप्रमाणें, जामीनपात्र गुन्ह्यांत धरलेल्या मनुष्यास आठवड्याच्या आंत जामीनदार देतां आला नाहीं, तर तो गरीब आहे असें मानून त्यास जातमुचलक्यावर सोडावयाचें आहे. ४७९ व्या कलमाप्रमाणें पहिल्यानेंच गुन्ह्यांत सांपडलेला मनुष्य, त्या गुन्ह्याच्या जास्तींत जास्त शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आंत काढल्यावर, आणि दुसरा मनुष्य अर्धा काळ काढल्यावर, सुटण्यास पात्र होतो. फांशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांस आणि ज्याच्यावर अनेक खटले चालू आहेत त्यास ही सवलत नाहीं. हा अर्ज कोर्टास करण्याचें काम तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकलेलें आहे. तो करीत नसेल तर विचारा! जामीन मंजूर होऊन महिन्याच्या आंत भरतां आला नाहीं, तर अट सैल करण्याचा विचार कोर्टानें करावा, असें सुप्रीम कोर्टानें २०२३ सालीं सांगितलें आहे. त्याच सालच्या केंद्र सरकारच्या योजनेंत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठीं चाळीस हजारांपर्यंत आणि दंडासाठीं अडकलेल्यास पंचवीस हजारांपर्यंत मदतीची तरतूद केली होती. १९८७ च्या कायद्यानें कोठडींतल्या प्रत्येक मनुष्यास, प्रत्येक स्त्रीस आणि अनुसूचित जातीजमातींस वकील फुकट मिळतो. जिल्हा कोर्टांत विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे आणि १५१०० हा टेलिफोन आहे. प्रत्येक गांवच्या चावडीवर हा नंबर रंगानें लिहून ठेवावा. देवळाच्या कळसाला वर्गणी जमते, या रंगाला चार आणे जमणार नाहींत काय?

आणि मागा काय? भिक्षेकऱ्यांचा कायदा महाराष्ट्रांतून रद्द करा. जामीन पैशावर नव्हे, मनुष्य हजर राहील कीं नाहीं यावर ठरवा, आणि ऐपत विचारूनच रक्कम बोला. पंधरा लाखांचा दंड हा जर शिक्षेचा नवा मार्ग असेल, तर गरिबाच्या क्षुल्लक गुन्ह्यासहि कैदेऐवजीं दुसरा मार्ग ठेवा. नव्या न्याय संहितेंत पांच हजारांहून कमी किंमतीच्या पहिल्याच चोरीस, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. हें पाऊल योग्य दिशेला आहे, पण तें एकच पाऊल आहे.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं शेतकऱ्याच्या हलाखीचें कारण दाखवितांना कचेरींतल्या कारकुनाकडे बोट केलें, कारण ज्याच्या हातीं लेखणी त्याच्या हातीं मान. आज लेखणी शिकण्यास कोणाची बंदी नाहीं. प्रत्येक तालुक्यांतून शेतकऱ्याची, सुताराची, वडाराची, पारध्याची एक तरी मुलगी आणि एक तरी मुलगा वकिलीस घाला. कायदा वाचणारें एक माणूस घरांत असणें हें विहिरीला पाणी असण्याइतकें महत्त्वाचें आहे. न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टी त्यांनीं काढली, चांगलें केलें. आतां आपल्याहि डोळ्यांवरची काढा, आणि पारड्यांत कोणतें वजन पडतें तें स्वतः पाहा!